वैद्यकाचे विद्यार्थी आणि मनाचें माप

तापाचें माप काचेच्या नळींतील पाऱ्यावर कळतें, नाडीचे ठोके घड्याळाच्या कांट्यावर मोजतां येतात, रक्ताचा दाब यंत्रावर वाचतां येतो. देहाच्या बहुतेक व्यथांना वैद्यकशास्त्रानें कांहीं ना कांहीं माप शोधून काढलें आहे. परंतु मनावर पडलेल्या भाराला माप कोणतें? तें कोणीं घ्यावयाचें, केव्हां घ्यावयाचें, आणि घेतल्यावर त्याचें करावयाचें काय? इ. स. २०२० सालीं कोरोनाची महामारी जगभर पसरली तेव्हां हा प्रश्न देशोदेशींच्या वैद्यकीय महाविद्यालयांत जवळजवळ एकाच वेळीं उभा राहिला. अनेक ठिकाणच्या अध्यापकांनीं विद्यार्थ्यांकडे दहा लहानशा प्रश्नांची एक यादी धाडली, आलेल्या उत्तरांना गुण दिले, गुणांची बेरीज केली, आणि शेंकडा अमुक जणांवर ताण थोडा, अमुकांवर मध्यम, अमुकांवर भारी, असे तक्ते प्रसिद्ध केले.

ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी वैद्यकाचें शिक्षण घेत आहे, त्या घराला असा तक्ता वाचून धसका बसणें साहजिक आहे. उलट "परीक्षेची काळजी कोणाला नसते?" असें म्हणून तोच तक्ता दुसऱ्या कोणीं बाजूस सारणें हेंही तितकेंच साहजिक आहे. दोघांचीही नजर आंकड्यावर असते. तो आंकडा ज्या प्रश्नांतून निघाला, त्या प्रश्नांकडे सहसा कोणी पाहत नाहीं. वस्तुतः त्या दहा प्रश्नांना शंभर वर्षांहून अधिक काळाची पूर्वपीठिका आहे, आणि तींत वैद्यकाचा विद्यार्थी पुनःपुन्हां पुढें येतो: कधीं प्रयोगाचा विषय म्हणून, कधीं साथींत राबणारा हात म्हणून, आणि शेवटीं स्वतःच्या मनाविषयीं साक्ष देणारा माणूस म्हणून. तो इतिहास येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे.

साथीच्या काळांत या विद्यार्थ्याची स्थिति मोठी चमत्कारिक असते. घरचे लोक त्याला अर्धा डॉक्टर समजतात. इस्पितळांतील डॉक्टर त्याला अजून अर्धा मुलगाच समजतात. शेजारीपाजारी औषध विचारावयास येतात आणि औषध देण्याचा अधिकार तर त्याला नसतो. रोगाची भीति सामान्य माणसाला असते त्याहून त्याला अधिक नेमकी असते, कारण फुप्फुसांत काय घडत असेल हें तो नुकतेंच शिकलेला असतो. जाणतेपण आलेलें आहे पण सामर्थ्य अद्याप आलेलें नाहीं, अशा उंबरठ्यावर तो उभा असतो. ही गोष्ट लक्षांत ठेवून आपण मागें वळून पाहूं.

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत वॉल्टर कॅनन नांवाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. वेदना, भूक, भय आणि क्रोध यांमुळें देहांत कोणते फेरफार घडतात हें दाखविणारा त्यांचा ग्रंथ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. प्राणी घाबरला कीं मूत्रपिंडांवरच्या लहानशा ग्रंथींतून एक द्रव्य रक्तांत उतरतें, त्याच्या योगानें यकृतांत सांठविलेली साखर बाहेर पडते, आणि लढावयास किंवा पळावयास स्नायूंना जणूं सरपण मिळतें, असें त्यांचें प्रतिपादन होतें. ही साखर प्रमाणाबाहेर झाली तर ती मूत्रांतही उतरते. असें असेल तर मनाच्या क्षोभाची खूण मूत्रांत सांपडावयास हवी. ती सांपडते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं केलेल्या एका लहान प्रयोगाची हकीकत त्या ग्रंथांत आहे. एरवीं ज्यांच्या मूत्रांत साखर नसे अशा नऊ वैद्यकाच्या विद्यार्थ्यांची तपासणी करण्यांत आली. कठीण परीक्षेनंतर त्यांपैकीं चौघांच्या मूत्रांत साखर निघाली. सोप्या परीक्षेनंतर फक्त एकाच्या. नऊ ही संख्या अगदींच लहान आहे, तिच्यावरून मोठे सिद्धान्त बांधतां येणार नाहींत. तथापि वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या मनाची घालमेल आंकड्यांत पकडण्याचा हा एक अगदीं आरंभींचा यत्न म्हणावा लागेल.

त्याच ग्रंथांत दुसरी एक नोंद आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें ती अधिक मोलाची आहे. १९१३ सालच्या हंगामांतील अखेरचा आणि सर्वांत चुरशीचा फुटबॉलचा सामना संपतांच हार्वर्डच्या संघांतील २५ खेळाडूंचें मूत्र तपासण्यांत आलें. बारा जणांच्या मूत्रांत साखर होती. धांवून, झुंजून, धक्के खाऊन ती उतरली असेल असें कोणीही म्हणेल. पण त्या बारांपैकीं पांच जण राखीव गडी होते. त्यांना मैदानांत उतरण्याची पाळीच आली नव्हती. ते कडेला बांकावर बसून होते. देहानें कांहीं न करतां त्यांचा देह झुंजीच्या तयारीनें भरून आला, आणि ती तयारी खर्चावयास त्यांना वाव मिळाला नाहीं. हे पांच गडी वाचकांनीं ध्यानांत ठेवावे; पुढें शंभर वर्षांनीं त्यांची आपल्याला पुन्हां गांठ पडणार आहे.

हा ग्रंथ निघून तीन वर्षें होतात न होतात तोंच इन्फ्लुएंझाची महामारी आली. आपल्याकडे लोक तिला मानमोडी म्हणत. अमेरिकेंत ज्या शहरांना तिचा तडाखा फार जबर बसला त्यांत फिलाडेल्फिया होतें. २८ सप्टेंबर १९१८ रोजीं युद्धकर्जाच्या प्रचारासाठीं तेथें मोठी मिरवणूक निघाली, आणि त्यानंतरच्या थोड्या आठवड्यांत शहरांत सुमारें १२ हजार माणसें दगावलीं. डॉक्टर आणि परिचारिका यांपैकीं पुष्कळजण युद्धाच्या कामावर गेलेले होते. तेव्हां पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील वैद्यकाचे वर्ग बंद करून वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना इस्पितळांत धाडण्यांत आलें. त्यांत तिसऱ्या वर्षाचा आयझॅक स्टार नांवाचा विद्यार्थी होता. घाईघाईनें उघडलेल्या एका तात्पुरत्या इस्पितळांत त्याला व त्याच्या सोबत्यांना परिचारिकांचें काम देण्यांत आलें. त्याची पाळी दुपारीं चार वाजतां सुरू होऊन मध्यरात्रीं संपे.

त्या पाळीची हकीकत स्टार यांनीं पुढें लिहून ठेविली आहे. रोगी येत तेव्हां कांहींजण फारसे आजारी दिसत नसत. मग ओठ निळसर पडत, श्वास अडे, आणि कांहीं तासांत सारें आटोपे. रात्रीं ज्यांची शुश्रूषा करून तो घरीं जाई, त्यांपैकीं फार थोडे दुसऱ्या दिवशीं चार वाजतां त्याच्या दृष्टीस पडत. खाटा त्याच, माणसें नवीं. आणि असें एकामागून एक दिवस चाललेलें. त्या काळीं या रोगावर गुणकारी म्हणतां येईल असा उपाय कोणापाशींच नव्हता, मग तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यापाशीं तो कोठून असणार? हातांना काम होतें, पण त्या कामानें मरणाचा वेग तिळभरही कमी होत नव्हता.

या तरुणांच्या मनाची अवस्था काय होती? त्यांना कोणीं विचारलें नाहीं. विचारण्याचें साधनही तेव्हां नव्हतें आणि विचारावें अशी रीतही नव्हती. स्टार पुढें नामांकित हृदयतज्ज्ञ झाले. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर साऱ्या देहाला बसणारा अतिसूक्ष्म हिसका टिपणाऱ्या यंत्रावरील संशोधनाबद्दल ते ओळखले जातात. आपली १९१८ सालची आठवण त्यांनीं वैद्यकीय मासिकांत छापली ती १९७६ सालीं, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांनंतर. जी गोष्ट अठ्ठावन्न वर्षें मनांत इतकी स्पष्ट राहते, तिचा भार त्या वेळीं हलका नसावा एवढेंच आपण म्हणूं शकतों. त्याहून अधिक नेमकें माप आतां मिळणें नाहीं.

'स्ट्रेस' हा शब्द तोंवर मुख्यतः पूल आणि तुळया बांधणाऱ्यांचा होता. तो वैद्यकांत रुजविण्याचें श्रेय बव्हंशीं हान्स सेलिये यांचें. १९२० नंतरच्या दशकांत ते प्राग येथें वैद्यकाचे विद्यार्थी होते. अध्यापक वर्गांत निरनिराळ्या रोगांचे रोगी आणून प्रत्येकाचें विशेष लक्षण दाखवीत; पण या तरुण विद्यार्थ्याच्या नजरेंत भरलें तें सर्व रोग्यांतील साम्य. सगळेच थकलेले, उतरलेल्या चेहऱ्याचे, अन्नावरची वासना उडालेले. नुसतें 'आजारी असणें' हीच एक वेगळी अवस्था असेल काय, हा प्रश्न त्यांनीं मनांत जपून ठेविला. पुढें कॅनडांतील मॉन्ट्रियल येथें उंदरांवर प्रयोग करतांना त्यांना तोच अनुभव आला. थंडी, इजा, अतिश्रम, विष, कारण कोणतेंही असो, देहांत ठराविक फेरफार होतात: मूत्रपिंडांवरच्या ग्रंथि वाढतात, छातींतील एक ग्रंथि आक्रसते, जठरांत व्रण पडतात. १९३६ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत त्यांनीं ही गोष्ट एका छोट्या टिपणांत मांडली. आपल्या भाषेंतही 'ताण' हा शब्द मूळचा दोरीचा आणि तारेचा. मनाकडे तो नंतर आला. आपल्या आज्या 'जिवाला घोर लागला', 'धास्ती घेतली', 'काळीज कुरतडतें' असें म्हणत. माप घेण्यास मात्र शास्त्राला दोरीचाच शब्द सोयीचा वाटला.

सेलिये यांच्या मापांत एक उणीव होती. उंदराच्या ग्रंथि तोलतां येतात. पण एकाच संकटांत सांपडलेल्या दोन माणसांपैकीं एक खचतो आणि दुसरा उभा राहतो, हें ग्रंथीच्या वजनावरून उलगडत नाहीं. या फरकाचें एक विलक्षण दर्शन १९५२ सालीं डेन्मार्कमध्यें घडलें.

त्या उन्हाळ्यांत कोपनहेगन शहरांत पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम इस्पितळांत येणाऱ्या कित्येक मुलांचे श्वासाचे स्नायु लुळे पडत. श्वास चालविणारीं यंत्रें तेथें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं होतीं. पहिल्या तीन आठवड्यांत ज्या ३१ रोग्यांना त्यांवर ठेवलें, त्यांतील २७ दगावले. इस्पितळाचे प्रमुख लासेन यांनीं बियोर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांना सल्ल्यासाठीं बोलाविलें. इब्सेन यांनीं २७ ऑगस्ट रोजीं बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेस छेद देऊन तींत नळी बसविली, नळीला रबराची पिशवी जोडली, आणि ती पिशवी हातानें दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरण्यास आरंभ केला. मुलगी वांचली. उपाय सांपडला खरा, पण तो यंत्राचा नव्हता, हाताचा होता; आणि हात रात्रंदिवस हवे होते, कारण एके वेळीं अशा रोग्यांची संख्या ७० पर्यंत गेली.

ते हात विद्यार्थ्यांनीं दिले. वैद्यकाचे आणि दंतवैद्यकाचे मिळून सुमारें १५०० विद्यार्थी पाळीपाळीनें खाटेशीं बसले आणि त्यांनीं एकंदर सुमारें १ लक्ष ६५ हजार तास ती पिशवी दाबली. मृत्यूचें प्रमाण आरंभीं शेंकडा ८७ होतें, तें निम्म्याहून खालीं आलें. कल्पना करून पाहा: विशीबाविशींतील एक मुलगा किंवा मुलगी, समोर तितकेंच किंवा त्याहून लहान मूल, तें शुद्धीवर आहे, डोळ्यांनीं पाहत आहे, आणि त्याचा पुढचा श्वास आपल्या मुठींत आहे. याहून मोठी जबाबदारी कोणत्या विद्यार्थ्यावर पडली असेल? आणि तरी फिलाडेल्फियाच्या आयझॅक स्टारपाशीं जें नव्हतें, तें या मुलांपाशीं होतें. मूठ आवळली कीं छाती वर येत होती. सगळींच मुलें वांचलीं नाहींत. पण आपण करतों त्याचा कांहीं परिणाम होतो, हें त्या तरुणांना प्रत्येक श्वासागणिक दिसत होतें. त्यांच्याही मनाचें माप कोणीं घेतलें नाहीं, म्हणून त्यांचा ताण कमी होता असें मी म्हणत नाहीं. तो निराळ्या जातीचा असला पाहिजे एवढेंच म्हणतों. आणि ही जात ओळखण्याचें साधन शास्त्राला आणखी तीस वर्षांनीं मिळालें.

मधल्या काळांत एक वेगळी वाट चोखाळली गेली. १९६७ सालीं अमेरिकेंतील थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनीं आयुष्यांतील ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला भार ठरवून दिला. पति किंवा पत्नी यांच्या मृत्यूला १०० गुण, विवाहाला ५०, नाताळच्या सणाला देखील १२. वर्षभरांतील घटनांचे गुण मिळविले कीं माणसावर किती भार पडला तें निघे. पद्धति सोपी आणि उपयोगीही होती. पण तिनें घटना मोजल्या, माणूस मोजला नाहीं. एकाला विवाह हा आनंदाचा ठेवा, दुसऱ्याला गळ्यांतील धोंड; यादीच्या लेखीं दोघांनाही पन्नासच. याच सुमारास, १९६६ सालीं, रिचर्ड लॅझरस या मानसशास्त्रज्ञांनीं असें प्रतिपादन केलें होतें कीं ताण हा केवळ घटनेंत नसतो आणि केवळ माणसांतही नसतो. समोर आलेल्या गोष्टीपासून आपल्याला कितपत धोका आहे, आणि तिला तोंड देण्यास आपल्यापाशीं काय आहे, असे दोन अंदाज मन करीत असतें. या दोन अंदाजांच्या वजाबाकींत ताण सांपडतो.

या विचाराला मापाचें रूप दिलें तें शेल्डन कोहेन, टॉम कामार्क आणि रॉबिन मर्मेलस्टाइन यांनीं. १९८३ सालीं त्यांनीं चौदा प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती आधीं महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांवरच पारखून घेतली होती. पुढें १९८८ सालीं तिचें दहा प्रश्नांचें रूप पुढें आलें, आणि 'पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल' म्हणजे जाणवलेल्या ताणाची मोजपट्टी या नांवानें तें जगभर गेलें. या प्रश्नांत परीक्षेचा, रोगाचा, पैशाचा किंवा मृत्यूचा नांवानिशीं उल्लेख नाहीं. गेल्या महिन्याभरांत अनपेक्षित गोष्टींनीं तुम्ही किती वेळां अस्वस्थ झालां, महत्त्वाच्या गोष्टी हाताबाहेर गेल्या असें किती वेळां वाटलें, अडचणींचा ढीग झाला असें किती वेळां वाटलें, अशा धर्तीचे सहा प्रश्न. आणि उलट अंगानें, आपल्या अडचणी आपण निभावून नेऊं असा विश्वास किती वेळां वाटला, गोष्टी मनाप्रमाणें घडत आहेत असें किती वेळां वाटलें, अशा धर्तीचे चार. 'कधींच नाहीं' पासून 'फार वेळां' पर्यंत पांच उत्तरें, त्यांना ० ते ४ गुण. चार विश्वासाच्या प्रश्नांचे गुण उलटे धरावयाचे. बेरीज ० ते ४०.

या मापाचें मर्म त्या चार उलट्या प्रश्नांत आहे. तुमच्यावर काय कोसळलें हें तें विचारीत नाहीं. जें कोसळलें त्यांतलें किती तुमच्या आटोक्यांत आहे असें तुम्हांला वाटलें, हें विचारतें. पुढील अभ्यासकांना या दहा प्रश्नांचे दोन गट पडलेले आढळले: एक अगतिकतेचा आणि दुसरा आत्मविश्वासाचा. फिलाडेल्फियाची रिकामी होत जाणारी खाट आणि कोपनहेगनची रबरी पिशवी यांतील अंतर नेमकें हेंच नव्हे काय?

पण मापाचें मर्म कळलें म्हणजे त्याच्या मर्यादाही कळल्या पाहिजेत. एक साधें उदाहरण घेऊं. एखाद्या विद्यार्थ्यानें विचार न करतां दहाही प्रश्नांना मधलें उत्तर, म्हणजे 'कधीं कधीं', असें दिलें तर प्रत्येकीं दोन प्रमाणें बेरीज २० होते. पुष्कळ अहवालांत १४ ते २६ गुणांना 'मध्यम ताण' म्हणण्याचा परिपाठ आहे. तेव्हां हा विद्यार्थी मध्यम ताणाचा धनी ठरतो. दुसरें उदाहरण: एका विद्यार्थ्याचे अगतिकतेचे सहा प्रश्नांचे गुण १८ आणि विश्वासाच्या चार प्रश्नांचे उलटे केलेले गुण २, दुसऱ्याचे पहिल्या गटांत ८ आणि दुसऱ्यांत १२. बेरीज दोघांचीही वीस. पहिल्यावर भार फार आहे पण कणा ताठ आहे. दुसऱ्यावर भार थोडा आहे पण आपल्या हातून कांहीं होईल हा भरंवसाच सुटलेला आहे. दोघांना एकच सल्ला देणारा अध्यापक एकावर तरी अन्याय करील. शिवाय हे 'मध्यम' आणि 'भारी' असे कप्पे मापाच्या मूळ कर्त्यांनीं ठरवून दिलेले नाहींत. समूहांची तुलना करण्यासाठीं तें साधन आहे, रोगनिदानासाठीं नाहीं. आणि चारआठ आठवड्यांनंतर त्या गुणांवरून पुढचें भाकीत करूं नये, असें त्यांचेंच सांगणें आहे.

देहाची आणि मनाची साक्ष एकत्र जुळविण्याचें काम त्याच सुमारास ओहायो येथें चाललें होतें. जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि रोनाल्ड ग्लेसर या दांपत्यानें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या ७५ विद्यार्थ्यांचें रक्त दोन वेळां तपासलें: एकदां परीक्षेच्या महिनाभर आधीं, आणि एकदां परीक्षेच्या पहिल्या दिवशीं. रोगजंतूंनीं पछाडलेल्या पेशींचा नाश करणाऱ्या रक्तांतील एका जातीच्या पेशींचें बळ परीक्षेच्या दिवशीं घटलेलें आढळलें. आणि ज्यांना एकाकी वाटत होतें त्यांच्यांत तें एकंदरींतच अधिक क्षीण होतें. हें १९८४ सालीं प्रसिद्ध झालें. कॅननच्या नऊ विद्यार्थ्यांनंतर सत्तर वर्षांनीं परीक्षा पुन्हां एकदां प्रयोगशाळेंत आली होती. येथें पूर्वीचें माप हाताशीं होतें म्हणून 'घटलें' असें म्हणतां आलें, ही गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे.

आतां २०२० सालाकडे येऊं. ११ मार्च रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोरोनाची साथ ही महामारी असल्याचें जाहीर केलें. १७ मार्च रोजीं अमेरिकेंतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघानें विद्यार्थ्यांचें रोग्यांशीं संबंध येणारें शिक्षण तूर्त थांबवावें असा सल्ला दिला. त्याच सुमारास इटलींत मात्र सरकारनें पदवीनंतरची परवान्याची परीक्षा माफ करून सुमारें १० हजार तरुण डॉक्टरांना सेवेची वाट मोकळी करून दिली. आपल्या देशांत २५ मार्चपासून टाळेबंदी आली, वसतिगृहें रिकामीं झालीं, आणि शरीररचना शिकणारा विद्यार्थी गांवच्या घरीं मोबाइलच्या हाताएवढ्या पडद्यावर व्याख्यानें ऐकूं लागला. त्याला घरीं धाडण्यांत चूक होती असें नव्हे. संरक्षक पोषाख अपुरे होते, रोग नवा होता, आणि शिकाऊ पोराला त्यांत लोटणें योग्य झालें नसतें. पण मनाच्या हिशेबांत त्याची जागा कोणती झाली? मैदानांत झुंज चालली आहे, आपले वरचे सोबती तींत उतरले आहेत, शेजारी औषध विचारीत आहेत, आणि आपण कडेच्या बांकावर बसून आहों. कॅननच्या त्या पांच राखीव गड्यांची गांठ येथें पडते.

त्यांत परीक्षेची अनिश्चितता मिसळली. पदव्युत्तर प्रवेशाची 'नीट' परीक्षा १८ एप्रिल २०२१ रोजीं व्हावयाची होती. ती अवघ्या तीन दिवस आधीं पुढें ढकलण्यांत आली. ३ मे रोजीं ती निदान चार महिने होणार नाहीं असें ठरलें, आणि त्याच दिवशीं अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दूरध्वनीवरून सल्ला देणें व सौम्य रोग्यांवर देखरेख ठेवणें हीं कामें वडीलधाऱ्या डॉक्टरांच्या नजरेखालीं देण्याचा निर्णय झाला. परीक्षा झाली ती ११ सप्टेंबर रोजीं. कठीण परीक्षेनें नऊपैकीं चौघांच्या मूत्रांत साखर उतरली होती. जी परीक्षा कधीं येणार हेंच कळत नाहीं तिनें काय उतरत असेल?

या काळांत दहा प्रश्नांची ती यादी शेंकडों महाविद्यालयांत फिरली. तिच्यांतून निघालेल्या आंकड्यांचें मोल ठरवितांना तीन गोष्टी विचाराव्या. पहिली, साथीच्या आधीं त्याच विद्यार्थ्यांचें माप घेतलें होतें काय? बहुतेक ठिकाणीं घेतलेलें नव्हतें. मग साथीनें ताण वाढला असें कोणत्या आधारावर म्हणावयाचें? दुसरी, उत्तरें कोणीं पाठविलीं? जो अगदीं खचला तो कदाचित् यादी उघडतही नाहीं, आणि जो निश्चिंत आहे तोही उघडत नाहीं. तिसरी, साथ नसतांना या वर्गाची अवस्था काय असते? २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनांत ४७ देशांतील जवळजवळ २०० अभ्यास एकत्र केले होते. त्यांत शेंकडा २७.२ वैद्यकाच्या विद्यार्थ्यांत खिन्नतेचीं लक्षणें आढळलीं होतीं. पण साधन बदलतांच हें प्रमाण ९.३ पासून ५५.९ पर्यंत हेलकावे खात होतें. खिन्नता आणि ताण या दोन भिन्न वस्तु आहेत हें खरें; तरी मोजपट्टी बदलली कीं माणूसही बदललेला दिसतो, हा धडा दोहींनाही लागू आहे. त्याच संकलनांतील आणखी एक आंकडा मला सर्वांत बोंचतो: ज्यांच्यांत तीं लक्षणें आढळलीं त्यांतील शेंकडा १५.७ जणांनींच त्यावर उपचार घेतला होता. जो दुसऱ्याचे उपचार शिकत आहे, तो स्वतःचें दुखणें सांगण्यास सर्वांत अधिक संकोचतो.

म्हणून या मापाकडे पाहण्याची एक योग्य दृष्टि मला अशी दिसते. दहा प्रश्नांची बेरीज हा निकाल नव्हे. तो एक दार ठोठावण्याचा प्रकार आहे. दार ठोठावून तक्ता छापणें आणि निघून जाणें हें शास्त्राला शोभत नाहीं. जो विश्वासाच्या चार प्रश्नांत खालीं घसरला आहे, त्याला 'धीर धर' असा उपदेश पुरणार नाहीं. त्याच्या आटोक्यांत कांहीं तरी आणून दिलें पाहिजे. परीक्षेची तारीख एकदां ठरली कीं ती हलणार नाहीं अशी हमी, वरिष्ठांच्या देखरेखीखालीं झेपेल असें खरें काम, आणि आपली नोंद पुढें आपल्याविरुद्ध वापरली जाणार नाहीं या खात्रीनें मन मोकळें करण्याची एक जागा, एवढ्या तीन गोष्टी तरी संस्थेच्या हातांतल्या आहेत. घरच्यांच्या हातांत तर याहून सोपी गोष्ट आहे. 'अभ्यास किती झाला?' या प्रश्नाऐवजीं एखादे दिवशीं 'तुझ्या हातून निभेल असें वाटतें ना रे?' असें विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत थांबावें.

आयझॅक स्टारला १९१८ च्या त्या रात्रींनंतर कोणीं कांहीं विचारलें नाहीं, आणि त्याची हकीकत छापून येण्यास अठ्ठावन्न वर्षें लागलीं. आज विचारण्याचें साधन हाताशीं आहे, तें सुधारलेलें आहे, आणि त्याला पांच मिनिटेंही लागत नाहींत. पुढची साथ केव्हां येईल तें कोणीं सांगावें? ती येईल तेव्हां कांहीं विद्यार्थी खाटेशीं असतील आणि कांहीं बांकावर असतील. दोघांनाही साथ येण्यापूर्वींच एकदां विचारून ठेविलेलें असलें, तर निदान त्यांच्या मनावर काय पडलें हें त्यांना आठवणींत शोधावें लागणार नाहीं.